दगड ठेवायचा राहिला

मष्णू मास्तरला स्वतःची फजिती सांगायला निमित्त लागत नाही. हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये दोघं बोलत बसलेले दिसले, की हा तिसरा होऊन बसणार, चहाची कपबशी जवळ ओढणार आणि सुरू करणार, की आपण रानात चुकायचं रीतसर शिक्षण घेतलेलं आहे, सर्टिफिकेटासकट. नवीन शिक्षकाला वाटतं, मास्तर गंमत करतोय. गंमत कसली डोंबलाची! खरंच घेतलंय. आणि चुकला तेही कुठं, तर स्वतःच्या गावच्या रानात.

मष्णूचा जन्म कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीतला. बारा उंबरे आणि चहूकडं रान. चालायला शिकला तो रानात, गुरं राखली ती रानात, शाळेला जायचं तर दोन कोस रानातूनच. झाडांत ऐन कुठला, किंजळ कुठली, गव्याची वाट कुठली, हे त्याला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. वाळकी लाकडं गोळा करून कुणी वर दगड ठेवला असेल, तर ती लाकडं त्याची झाली, मग ती चार दिवस तिथंच पडून राहिली तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हेही त्याला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. त्याच्या बापाची, रवळूची, एकच इच्छा होती, की पोरानं शिकावं आणि एकदाचं या रानातून बाहेर पडावं.

पोरगं बाहेर पडलं. बेळगावात शहापूरला चुलत्याकडं राहून बी.ए. झालं आणि ड्रिल मास्तर व्हायचं म्हणून शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेलं. तिथं त्याला काय शिकवायला घेतलं, तर रानात कसं राहायचं!

पेपरचं नाव भारदस्त होतं. शिबिर, मैदानी करमणूक आणि साहस-नेतृत्व. लेखी साठ, प्रॅक्टिकल चाळीस. पुस्तक इंग्रजी, आणि त्यातल्या चित्रांत गळ्यात रुमाल बांधलेली गोरी मुलं बर्फात तंबू ठोकत होती. दिवाळीला घरी गेल्यावर रवळूनं विचारलं, सध्या काय शिकतोस. मष्णूनं सांगितलं, रानात करमणूक कशी करावी ते. रवळूनं तंबाखू मळता मळता हात थांबवला आणि बायकोला हाक मारून विचारलं, आपली कधी झालीती गं करमणूक? ती आतून म्हणाली, गवा भातात शिरला तवा झालीती.

तीन दगडांची चूल या विषयावर मष्णूनं चाचणी परीक्षेत चार पानं लिहिली, आकृतीसह. दहापैकी सात गुण पडले. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण काढायचा राहिला, म्हणून तीन कापले. ज्याच्या आईनं जन्मभर तीन दगडांवर भात शिजवला त्याला चुलीत सात गुण, आणि भरमूला नऊ! हा भरमू चिकोडीचा, मष्णूचा खोलीतला जोडीदार. त्यानं उभ्या आयुष्यात चूल फुंकली नव्हती, पण बाण मात्र झकास काढला होता.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण मष्णूनं दोन थापा मारून ठेवल्या होत्या. पहिली थाप अशी, की आपण शहापूरचे. वाडीचं नाव घ्यायची त्याला लाज वाटायची. 'व्हय'चं त्यानं 'हो' केलं, 'न्हाय'चं 'नाही' केलं, आणि ट्रॅकसूटच्या बाहीला शिटी लटकवून तो टिळकवाडीतून असा फिरायचा, जसा काही जन्मल्यापासून सोडा-वॉटरच पीत आलाय.

दुसरी थाप मोठी होती. होस्टेलात फक्त अविवाहित मुलांना जागा मिळायची. अर्जावर रकाना होता, विवाहित की अविवाहित. मष्णूचं लग्न वर्षापूर्वीच झालेलं. बायको जांबोटीकडची, मालुबाई. क्षणभर पेन थांबलं, मग त्यानं 'अविवाहित' लिहिलं आणि सही ठोकली. पुढं पुढं तर सवयच झाली. खोलीत मुलं लग्नाच्या गोष्टी करायला लागली, की हा सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा, आपल्याला बुवा इतक्यात अडकायचं नाही.

मालुबाई मात्र अडकून पडली होती. सासरी शेण, पाणी, भात, मोळ्या. दिवाळीला तिनं विचारलं होतं, अजून किती दिवस. त्यानं तिला शपथेवर सांगितलं, की डिसेंबरात प्रॅक्टिकल आहे, कुठंतरी लांबच्या रानात. ते पास झालो की मार्चात डिग्री, जूनपासून हायस्कुलात नोकरी, हेडमास्तरांनी शब्द दिलाय. नोकरी लागली की बेळगावात खोली आणि तू माझ्याबरोबर. आणि प्रॅक्टिकलात नापास झालासा तर, तिनं विचारलं. तर आख्खं वर्ष फुकट, आणखी एक वर्ष तू इथं. मग नापास हुऊ नगासा, एवढंच ती म्हणाली आणि घागर घेऊन गेली.

हे 'लांबचं रान' कुठलं, ते अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात फळ्यावर लागलं. कणकुंबी.

मष्णूला तिथंच घाम फुटला. पण सुटका नव्हती. त्यानं मनाशी हिशोब केला, की तंबू वाडीपासून कोसभर लांब पडणार, टोपी डोळ्यांवर ओढली की कोण ओळखतंय! घरी त्यानं काही कळवलं नाही. कळवलं असतं तर बाप पोतंभर पोहे घेऊन तंबूच्या दारात हजर झाला असता.

प्रॅक्टिकलचा नियम असा होता. प्रत्येकानं दहाजणांची तुकडी घेऊन रानातून एका ठरलेल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ माळावर, पोचायचं. वाटेत पुस्तकात दिलेल्या खुणा मांडायच्या. तीन वाळक्या काटक्यांचा बाण म्हणजे इकडे जा, दोन काटक्यांची फुली म्हणजे ही वाट नव्हे. तासाभरानं परीक्षक दुसरी तुकडी घेऊन निघणार आणि फक्त त्या खुणांवरून सडा गाठणार. पुढाऱ्यानं ओरडायचं नाही, मागं फिरायचं नाही. परीक्षक पोचले तर पास, नाही पोचले तर नापास. परीक्षक होते मारुतीराव सर, फौजेतून आलेले, मिशीला पीळ आणि हातात काळी वही.

सड्याला जायच्या वाटा तीन. बाकीच्या मुलांनी होकायंत्र काढलं, नकाशा पसरला. मष्णूनं ऐटीत होकायंत्र डोळ्यापुढं धरलं, तोंडानं काहीतरी पुटपुटला आणि तुकडीला थेट आपल्या वाडीच्या बायकांच्या मोळीच्या वाटेला लावलं. ही वाट त्याला झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती. पोरं म्हणाली, काय रे तुझं डोकं, शहापूरचा असून रान कसं वाचतोस! मष्णूनं नम्रपणे सांगितलं, की सगळं पुस्तकात आहे.

त्या दिवशी त्यानं बावीस खुणा मांडल्या. कारवीच्या सरळ, वाळक्या, वीतभर काटक्या वेचून घेतल्या आणि लांबून दिसाव्यात म्हणून प्रत्येक काटकीला लाल फीत बांधली. पुस्तकात फीत नव्हती, ही त्याची स्वतःची अक्कल. पुस्तकात दगडही नव्हता, म्हणून दगड त्यानं ठेवला नाही. बाराखडीच्या आधी शिकलेली गोष्ट! पण बी.ए.नंतर शिकलेली गोष्ट वर बसली होती, तिच्याखाली ती पार दबून गेली.

सड्यावर पोचल्यावर तो पाय पसरून बसला आणि वाट बघू लागला. तास झाला. दीड झाला. खाली कुठं शिटी नाही, हाक नाही. दोन तास होत आले तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस खुणा, एकही चुकलेली नाही, मग माणसं गेली कुठं? गव्यांच्या वाटेला तर लागली नाहीत? मागं फिरायची चोरी, त्यामुळं तो आपला कडेला उभा राहून खाली बघत होता आणि मनातल्या मनात चाळीसातून गुण वजा करत होता.

शेवटी झाडीतून माणसं बाहेर आली. पण पुढं मारुतीराव सर नव्हते. पुढं डोक्यावर मोळ्या घेतलेल्या वाडीच्या चार बायका, त्यांच्या मागं घामेजलेले सर, आणि सगळ्यांत मागं काट्यानं पँट फाटलेला भरमू. सर पहिल्या वळणावरच चुकले होते आणि तास-सव्वा तास कारवीत फिरून या बायकांच्या हाका ऐकून त्यांच्यापर्यंत आले होते. बायकांनी त्यांना वर आणून पोचवलं होतं.

आणि पहिल्या बाईच्या मोळीच्या तोंडाशी लाल फितींचा झुपका लोंबत होता. सगळ्या काटक्या नीट एकत्र करून, मोळीच्या पोटात खोचून, फिती बाहेर ठेवल्या होत्या. मोळीखाली मालुबाई होती.

दोघांची नजर एक झाली. मष्णू काय करतो? मष्णू खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा बांधली. मास्तर आजही हे सांगताना तिथं थांबतो आणि म्हणतो, ती गाठसुद्धा पुस्तकातलीच मारली मी, तिथल्या सात गाठींतली तिसरी.

मालुबाईनं काय ओळखायचं ते ओळखलं. पदर जरा पुढं ओढला आणि मोळी डोक्यावर तशीच ठेवून बाजूला उभी राहिली, अनोळखी बाई उभी राहते तशी. मोळी उतरवली नाही, कारण एकदा उतरवली की परत चढवायला कुणीतरी लागतं.

मारुतीराव सरांनी दम घेतला आणि मष्णूला समोर बोलावलं. सर कडक होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी नियम सांगितला. खुणा पुढाऱ्यानं चुकवल्या असतील, तर शून्य. पण बाहेरच्या माणसानं हलवल्या असतील, तर पुढाऱ्याचा दोष नाही, उद्या सकाळी पुन्हा प्रॅक्टिकल मिळेल. फक्त वहीत नोंद पाहिजे, खुणा कुणी नेल्या, बाईचं नाव, नवऱ्याचं नाव. त्यांनी काळी वही मष्णूच्याच हातात दिली आणि म्हणाले, तूच लिही. मष्णूच्या जिवात जीव आला. एवढंच ना! चार ओळी लिहायच्या, उद्या दुसऱ्या वाटेनं जायचं, मार्चात डिग्री, जूनपासून खोली. मालुबाईच्याच भल्याचं होतं सगळं. तिलाही पुढं समजावून सांगता आलं असतं.

सरांनी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं, मालुबाई. मष्णूनं लिहिलं.

नवऱ्याचं नाव विचारलं. बरोबरच्या बायका पदरात हसल्या. एकीनं सांगितलं, की नवऱ्याचं नाव घेत नाहीत आमच्याकडं. बाकीच्या तिघींनी तोवर टोपीखालचा मष्णू ओळखला होता, पण मालुबाई बोलत नाही म्हटल्यावर त्याही बोलल्या नाहीत. सरांनी दुसऱ्या बाजूनं विचारून बघितलं, नवरा करतो काय.

"बेळगावात शिकत्यात," मालुबाई म्हणाली.

"अरे वा. काय शिकतात?"

"रानात कसं हिंडायचं, ते."

पोरं खो खो हसत सुटली. भरमू तर फाटकी पँट धरून खालीच बसला आणि म्हणाला, लेका मष्णू, आपल्यासारखाच आणखी एक येडा आहे बघ बेळगावात. मष्णूही हसला. हसायलाच लागलं. हसताना पेनची शाई त्याच्या बोटाला लागली, ती तो ट्रॅकसूटला पुसत राहिला.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी जरा आवाज चढवून मालुबाईला विचारलं, की मांडून ठेवलेल्या काटक्या दिसत होत्या, फिती बांधलेल्या दिसत होत्या, मग दुसऱ्याची वस्तू आहे एवढं समजलं नाही का.

मालुबाईनं मान वर केली. डोक्यावरची मोळी हलली नाही.

"वर दगड न्हवता, सायेब. दगड असता तर आमी हात लावला नसता," ती म्हणाली. "ज्याचं हाय त्यानं सांगाय नको व्हय, की हे माझं हाय म्हणून?"

तिनं हे सरांकडं बघून म्हटलं. मष्णूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणूनच ते त्याला लागलं. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चुलीत सात गुण पडले तेव्हा नाही, वाडीचं नाव लपवलं तेव्हा नाही. दीड वर्ष ही बाई त्याच्या घरी त्याच्या नावानं राबत होती, आणि त्यानं चारचौघांत तिच्यावर एक दगड ठेवला नव्हता. उलट उद्या पास व्हायला म्हणून तिचंच नाव तो दोषी म्हणून वहीत लिहीत होता!

त्यानं वही गुडघ्यावर घेतली आणि उरलेलं लिहून टाकलं. नवऱ्याचं नाव, मष्णू रवळू गावडे. खुणा नाहीशा होण्याचं कारण, गावची रीत माहीत असून पुढाऱ्यानं दगड ठेवला नाही. दोष, पुढाऱ्याचा. खाली सही केली आणि वही सरांच्या हातात दिली.

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे खरं आहे, गावडे?"

"व्हय, सर," मष्णू म्हणाला. बेळगावात गेल्यापासून चारचौघांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'व्हय' निघालं.

मग तो मालुबाईकडं गेला आणि तिच्या डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी धरून खाली उतरवली. भरमूचं तोंड उघडंच राहिलं. मालुबाई पदरानं मान पुसत एवढंच म्हणाली, की आता परत चढवणार कोण. तुझा नवरा चढवंल की, मष्णू म्हणाला, आणि बायका मोठ्यानं हसल्या.

मारुतीराव सरांनी चाळीसपैकी शून्य दिलं. वही मिटताना ते म्हणाले, की खरं बोलण्याला या पेपरात रकाना नाही गावडे, नाहीतर दिले असते. मष्णूनं ते मान खाली घालून ऐकलं. त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. त्या रात्री तो वाडीतच जेवला. रवळूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हंजे आपल्या रानात तू चुकलास? नाही, मी चुकलो नाही, सर चुकले, मष्णूनं सांगितलं. रवळू म्हणाला, मग त्यास्नी नापास कराय पायजे हुतं. या मुद्द्यावर मष्णू मास्तर आजही विचार करतो.

आठवडाभरात होस्टेलवाल्यांनी त्याची वळकटी बाहेर ठेवली. बरोबरच होतं, अर्जावर खोटी सही होती. हायस्कूलची जागाही दुसऱ्याला गेली. पण आता राहायचं कुठं? उद्यमबागेजवळ एक खोली मिळाली, पत्र्याची, आणि खोली मिळाल्यावर एकट्यानं राहायला काही कारण उरलं नाही. जानेवारीत मालुबाई ट्रंक घेऊन जांबोटीच्या गाडीतून उतरली. म्हणजे बघा, पास झाला असता तर तिला जूनपर्यंत थांबावं लागलं असतं. नापास झाला म्हणून ती पाच महिने आधी आली. वर्षभर मष्णूनं पहाटेपासून दुपारपर्यंत फौंड्रीत साचे भरले आणि संध्याकाळी पुन्हा तेच इंग्रजी पुस्तक वाचलं. मालुबाई शेजारी बसून चित्रं बघायची आणि बर्फातल्या गोऱ्या पोरांना सर्दी कशी होत नाही म्हणून विचारायची.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा कणकुंबी, पुन्हा मारुतीराव सर. मष्णूनं हट्टानं तीच मोळीची वाट धरली. परीक्षा संपवून तो संध्याकाळच्या गाडीनं बेळगावला आला तेव्हा मालुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. निकाल अजून लागलेला नव्हता. सरांनी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं नाही, नुसतं वर बघितलं.

"दगड ठिवला?"

"बावीस ठिवले."

"मग पास हुतासा," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.